मेण चढवून परत पाठवणे

वाशीम,
१२ सप्टेंबर २०२४

श्री. विजयकुमार खिल्लारे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मु. पो. डोंगरकडा, यांना

उत्तमसिंग बायस, सेवानिवृत्त ओव्हरसियर, पाटबंधारे खातं, यांचा रामराम.

चौदा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही. गेला तो फक्त माझा आवाज. मागच्या वर्षी फेब्रुवारीत नागपूरला गळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो. फोन उचलला तर पलीकडच्याला नुसती फुसफुस ऐकू येते, त्याला वाटतं रेंज नाही. मुलानं मोबाइलवर टाइप करायला शिकवलं, पण आमचा अंगठा जाड, एका अक्षरावर ठेवला की तीन उमटतात. हात मात्र कालव्याचे नकाशे काढताना चालायचा तसाच चालतो. म्हणून पत्र.

सोबतच्या डब्यात माझा पाईप आहे. तुमच्या चांगल्याच ओळखीचा आहे. सव्वीस जानेवारी दोन हजार दहाला तुम्ही तो माझ्या खिशातून काढून चारशे लेकरांना दाखवला होता.

पाईप मीरशॉमचा आहे. म्हणजे तुर्कस्तानात मिळणारा एक पांढरा, मऊ, हलका दगड. त्याची नळी तुंबली आहे, वाटीत काजळीचा थर बसला आहे आणि वरचं मेण उडून गेलं आहे. साफ करून, मधमाशीचं मेण चढवून परत पाठवणे. वाशीममध्ये हे काम करणारा कोणी नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कॉलनीत असताना शाळेची पेटी, लोकांची घड्याळं, माझ्या लेव्हल-यंत्राचे स्क्रू, सगळं तुम्हीच दुरुस्त करत होता, म्हणून तुम्हाला तकलीफ.

ओढण्यासाठी नको आहे. ओढता येणारही नाही. तरी हवा आहे. घरात याची वाच्यता नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

उत्तमसिंग


डोंगरकडा,
१९ सप्टेंबर २०२४

उत्तम,

जयभीम. तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस. मी तितका सभ्य नाही, मी ‘तू’च लिहिणार.

पोस्टमननं डबा दिला तेव्हा मी ओट्यावर बसून पंख्याचं कपॅसिटर बदलत होतो. पत्र उघडलं, दुसऱ्या ओळीला हात थांबले. मालनला वाचून दाखवायला गेलो तर ‘आवाज’ या शब्दापाशी माझाच बसला. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. दिवसभर तिनं दुसरा विषय काढला नाही.

चौदा वर्षं मी रोज मनातल्या मनात तुझी माफी मागत होतो, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं सांगतो. पहिली चार वर्षं माझंच बरोबर होतं असं मी गावभर सांगत फिरलो. पुढची चार, तू आपण होऊन येशील म्हणून वाट पाहिली. उरलेली सहा वर्षं लाज वाटत होती. पण लाजेचंही असं आहे की रोज भेटली की ती घरचीच वाटायला लागते.

इकडे माझी कीर्ती मोठी आहे. गावाच्या वेशीवर तंबाखूमुक्तीचा बोर्ड आहे, त्यावर खाली ‘प्रेरणा’ म्हणून माझं नाव आहे. मी चालत गेलो की दुकानदार गायछापच्या पुड्यांवर पेपर टाकतो. मी पुढे गेलो की पेपर काढतो. एवढंच माझं प्रबोधन.

तुझ्या पाईपाचा अभ्यास केला. मीरशॉम म्हणजे समुद्राचा फेस, असं मोबाइलवर वाचलं. मी हिंगोलीला काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन समुद्रफेस मागितला, म्हटलं जोडाजोडीला तुकडा असावा. त्यानं कागदात बांधून दिला. घरी येऊन पाहतो तर कसल्याशा माशाचं हाड. मालननं ते तुळशीच्या कुंडीत खोचलं आहे.

काम मात्र हाती घेतलं आहे. आधी स्वच्छता, मग मेण. तू निर्धास्त राहा. परत येईल तेव्हा तू ओळखणार नाहीस.

तुझा,
विजय


वाशीम,
२६ सप्टेंबर २०२४

विजय,

‘ओळखणार नाहीस’ हे वाचून धस्स झालं. तुझी ही वाक्यं मला माहीत आहेत. कॉलनीच्या पंपाच्या वेळीही तू असंच म्हणाला होतास. आणि खरंच, पंप आम्ही ओळखला नाही.

म्हणून नीट लिहितो. वाटीच्या आतली काजळी बोथट चाकूनं हळूहळू खरवडायची. नळी वेगळी काढून तारेला कापूस गुंडाळून स्पिरिटनं पुसायची. बाहेरून पाण्याचा थेंबही लावू नको, हा दगड पाणी पितो आणि मऊ पडतो. आणि रंगाला हात लावू नको. तो मळ नव्हे.

कुट्टी साहेब आमचे कार्यकारी अभियंता होते. धरणांच्या ट्रेनिंगला तुर्कस्तानात गेले होते, तिथून त्यांनी दोन पाईप आणले. रिटायर होताना त्यातला एक, न वापरलेला, मला दिला. चौऱ्याऐंशी साल. तेव्हा तो दुधासारखा पांढरा होता. तो पगडीवाला दाढीमिशांचा म्हातारा कोरलेला आहे ना, त्याचा चेहरा खडूसारखा दिसायचा. मग तो धूर पीत गेला. आधी मधासारखा झाला, मग गुळासारखा, मग कातासारखा. कालव्याच्या सगळ्या चाऱ्या, दोन पूर, सूरजचा जन्म, माझ्या तीन बदल्या, सगळं त्या रंगात आहे.

आता कशाला हवा, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. माझा हात खिशात जातो, विजय. दिवसातून पंचवीस वेळा जातो आणि रिकामा परत येतो. नर्स म्हणाली, पेन्सिल धरत जा. पेन्सिलीनं मूठ भरत नाही. लक्ष्मीनं पाईप गव्हाच्या कोठीत लपवला होता, तो मी शोधून काढला. बाकी काही नको. नुसता हातात पाहिजे.

उत्तम


डोंगरकडा,
४ ऑक्टोबर २०२४

उत्तम,

तुझं पत्र मिळालं. सूचना अतिशय उपयुक्त आहेत. थोड्या आधी आल्या असत्या तरी चाललं असतं.

काम छान सुरू आहे. घाईचं काम नाही, म्हणून मी घाई करत नाही. नळी साफ झाली. तिच्यातून एवढा काळा ऐवज निघाला की डांबरी रस्ता झाला असता. वाटीही आतून स्वच्छ आहे.

इकडे पाऊस बरा झाला, केळी उभी आहे. मालनचा गुडघा दुखतो. मी सकाळी चालतो.

एक विचारायचं होतं. निव्वळ जिज्ञासा, माझी खोड तुला माहीत आहे. समजा, एखाद्याच्या मीरशॉमचा रंग गेला. कसाही गेला असेल, आपल्याला काय करायचंय. तर तो परत आणता येतो का, आणि साधारण किती दिवसांत? शेवटचा भाग जरा नेमका लिही.

वहिनींना नमस्कार. म्हणजे पाईपाचं न सांगता नुसता नमस्कार.

विजय


वाशीम,
११ ऑक्टोबर २०२४

विजय,

रंग परत आणता येतो. ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं येतो, ओढून. मेण चढवून पाईप ओढला की मेण धुराचं तेल आतून बाहेर खेचतं. पहिल्यांदा मानेजवळ, नळी बसते तिथे, मधाचा एक डाग दिसतो. मग तो वर चढत जातो. रोज ओढणाऱ्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. काताचा रंग यायला चाळीस.

चहा, कात, रंग लावून काही होत नाही. वरवरचं बसतं आणि बेंगरूळ दिसतं.

माझी तब्येत ठीक. परवा नागपूरला तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले गळा स्वच्छ आहे. जेवण चालू आहे, फक्त वास येत नाही. नाकातून वाराच जात नाही तर वास कुठून येणार. लक्ष्मी मेथी निवडते आणि मी पालक समजतो.

पण हे ‘समजा एखाद्याचा’ मला आवडलं नाही.

उत्तम


वाशीम,
१४ ऑक्टोबर २०२४

विजयभाऊजी यांना,

लक्ष्मीबाईचा नमस्कार. म्या कधी पत्र लिहिलं न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं पत्र ह्यायच्या उशाखाली सापडलं. म्या वाचलं. पाईप तुमच्यापाशी हाय हे समजलं. म्या गव्हाच्या कोठीत टाकला होता, तवाच चुलीत घालायला पाहिजे होता.

भाऊजी, तो पाईप परत पाठवू नका. ह्यायला वास येत न्हाई, पर मला येते. ह्यायच्या कपड्याचं कपाट उघडलं की दवाखाना आठवते. नागपूरला पंचेचाळीस दिवस म्या खाटीखाली चटई टाकून झोपले. रात्री गळ्याची नळी भरली की मशीन लावायचं काम म्याच करत होते. तेव्हा ह्यायचा सदरा धुतला तरी त्यातून तोच वास येऊन राहिला होता. ते जे तोंड हाय पाईपावर, दाढीवालं, ते चाळीस वर्सं माझ्या घरात बसून हासत होतं.

तुमी ह्यायला सांगा की फुटला. दगडाचा हाय, फुटते. तुमी तर पयल्यापासून ह्या गोष्टीच्या विरोधात. एवढं खोटं माझ्यासाठी बोला. ह्यायला कळू देऊ नका म्या लिहिलं म्हणून.

मालनबाईला नमस्कार.

लक्ष्मीबाई


डोंगरकडा,
२२ ऑक्टोबर २०२४

उत्तम,

वाईट बातमी आहे. मेण चढवताना पाईप तडकला आणि फुटला. दोष माझा आहे. क्षमा कर.

दिवाळीच्या शुभेच्छा.

विजय


वाशीम,
२९ ऑक्टोबर २०२४

विजय,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एवढुशा पत्राला वेळ लागत नाही.

तू पंप बिघडवलास तेव्हा मला साडेतीन पानी खुलासा दिला होतास, आकृतीसकट. शाळेचं घड्याळ उलटं फिरायला लागलं तेव्हा तर त्याचे फायदे सांगितले होतेस. आणि माझा चाळीस वर्षांचा पाईप फुटला तर तीन ओळी, आणि दिवाळीच्या शुभेच्छा.

तुकडे पाठव. जसे असतील तसे.

उत्तम


डोंगरकडा,
८ नोव्हेंबर २०२४

उत्तम,

तुकडे पाठवता येत नाहीत, कारण पाईप अखंड आहे. मी खोटं लिहिलं.

खोटं बोलायला मला एक चांगलं कारण मिळालं होतं. ते कोणाचं ते लिहिणार नाही. त्या माणसाचं दुःख खरं होतं आणि मागणंही रास्त होतं. पण मी त्या माणसासाठी खोटं बोललो नाही. माझा एक गुन्हा होता, आणि त्यावर टाकायला कोणाचं तरी दुःख आयतं मिळालं म्हणून मी ते पांघरलं. हे मला टपाल पेटीत पत्र टाकल्यावर कळलं. पेटीत हात घालून पाहिला, मनगटापुढे जात नाही.

आता पहिल्यापासून ऐक.

तुझा डबा आला त्याच दुपारी मी पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळलं आणि पाईप त्यात सोडला. तो बुडेना. म्हातारा पगडीसकट तरंगत राहिला. मग मी त्याच्यावर झाकणी ठेवली आणि झाकणीवर खलबत्ता. पाणी काळं व्हायला लागलं. मला वाटलं, केवढा हा मळ. एका माणसाचं चाळीस वर्षांचं व्यसन मी एकट्यानं पातेल्यात उतरवतो आहे, असं वाटून अंगावर मूठभर मांस चढलं. मालन दारात येऊन म्हणाली, अहो, त्यांनी आतून साफ करायला सांगितलंय ना? मी तिला स्वच्छतेवर दहा मिनिटं सांगितलं.

एवढं करूनही रंग पूर्ण गेला नाही. तेव्हा मी घासकागद घेतला. दोन दिवस घासला. रंग गेला आणि त्याबरोबर म्हाताऱ्याची मिशी गेली. दाढी अर्धी राहिली, नाक जरा बसकं झालं. मालननं उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, हे आता तुमच्यावर गेलं. त्याच अभिमानात मी तुला लिहिलं की तू ओळखणार नाहीस.

मग तुझं पत्र आलं. ‘पाण्याचा थेंबही लावू नको.’ मी ते पत्र तीनदा वाचलं, एखाद्या वेळी ‘नको’ दिसणार नाही म्हणून.

त्यानंतर मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणतात असं मी स्वतःला सांगत होतो. आपला जिल्हा हळदीचा. घरची हळद तेलात कालवून लावली. पाईप मांडवात बसलेल्या नवरदेवासारखा दिसायला लागला. हळद उन्हात उडते म्हणून सहा दिवस गच्चीवर ठेवला, कावळ्यानं एकदा उचलून शेजारच्या पत्र्यावर टाकला. तडा गेला नाही, हे त्या दगडाचं मोठेपण. मग तुला ‘समजा एखाद्याचा’ लिहिलं. तुझं उत्तर आलं की रंग ओढूनच येतो.

उत्तम, मी नांदेडला गेलो. तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी. पाईपची तमाखू मागितली. दुकानदार म्हणाला, खिल्लारे गुरुजी ना? मी सातवी ब. त्यानं आवाजावरून ओळखलं. आवाज असण्याचेही तोटे आहेत. हे वाक्य लिहून खोडणार होतो, पण तुला खोडलेलं दिसलंच असतं, म्हणून राहू देतो.

केळीच्या बागेत दुपारी बसायचो, माणसं जेवायला गेली की. पहिल्या दिवशी बारा काड्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पेटला. तिसऱ्या दिवशी मानेजवळ खरोखर मधाचा एक डाग दिसला, रुपयाएवढा. मला इतका आनंद झाला की मी जोरात दम घेतला आणि तो आत गेला. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी केळीखाली आडवा होतो, निंदणीच्या बाया गोल उभ्या होत्या आणि भिकाबाई माझ्या कपाळावर ओला पदर ठेवत होती. पाईप माझ्या हातातच होता, चालू. तिनं तो बघितला, मला बघितलं, आणि अगदी समजुतीनं म्हणाली, “गुरुजी, धूर गिळायचा नस्ते. तोंडातून सोडून द्यायचा.”

गावात कोणी काही बोललं नाही. तेच अवघड गेलं. फक्त दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर संतराम बाकावर सरकला, मला बसायला जागा दिली आणि विचारलं, बिडी चालंल का. हा संतराम मला रस्त्यात पाहिलं की गल्ली बदलायचा. आम्ही तासभर बसलो. तो सिद्धेश्वरच्या कपारीतली मोहोळं काढतो हे मला माहीतच नव्हतं. त्यानं चांगलं पिवळंधमक मेण आणून दिलं.

या मेणाचं तरी मी नीट केलं. तू लिहिलंस तसं, पाणी नाही, घाई नाही. मेण वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवली. पाईप कोरड्या डब्यात ठेवून डबा मंद तव्यावर शेकवला, हाताला सोसेल इतकाच. मग चित्रकलेच्या ब्रशनं मेण लावत गेलो. दगड ते पिऊन टाकायचा. पुन्हा लावलं, पुन्हा प्यायला. सात वेळा झालं तेव्हा वर राहायला लागलं. थंड होऊ दिलं आणि जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसलं. आता त्याला मधाचा वास येतो. तमाखूचा अजिबात नाही, मालनला वास घ्यायला लावून खात्री केली. रंग पांढरा, थोडा सायीसारखा. मानेजवळ डाग आहे, तो माझा. काढला नाही. घासकागद मी चुलीत टाकला आहे.

एक राहिलं. सव्वीस जानेवारीला तुझ्या खिशात हात घातला तो लेकरांसाठी नव्हता. पहिल्या रांगेत शिक्षणाधिकारी बसले होते आणि आदर्श शिक्षकाची यादी तयार होत होती. तू पाहुणा होतास, तुला मीच बोलावलं होतं. यादीत माझं नाव आलं नाही. आलं असतं तरी हे लिहिलं असतं का, माहीत नाही.

पाईप कसा पाठवू, की पाठवू नको, ते तू सांग. आणि वहिनी, तुम्ही ही पत्रं वाचता असा माझा अंदाज आहे, तर तुम्हीही सांगा.

विजय


वाशीम,
१६ नोव्हेंबर २०२४

विजय,

तुझं पत्र मी सकाळी चहाच्या वेळी उघडलं. खलबत्त्यापर्यंत ठीक होतो. भिकाबाईपाशी मला हसू आलं. ऑपरेशननंतर मी हसलो नव्हतो, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं ते कसं असतं. आवाज नाही. गळ्याच्या भोकातून वारा सुटतो, खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं. लक्ष्मी स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं श्वास अडकला. ती मशीन काढायला लागली, मी हातानं नको नको करतोय आणि हसतोय, ती रडतेय. शेवटी पत्र तिच्या हातात दिलं.

तिनं ते उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग, फुटला म्हणायला तिनंच तुला सांगितलं होतं, ते तिनं आपण होऊन कबूल केलं. मला राग आला नाही. मी पाटीवर लिहिलं, ‘चुलीत घालायला पाहिजे होता.’ ती म्हणाली, व्हय, तेच म्हणते म्या.

आता माझं ऐक. तू एकट्यानं मूर्खपणाचा मक्ता घेतला आहेस, तो मला मान्य नाही.

त्या सव्वीस जानेवारीला सकाळी मी लक्ष्मीला शब्द दिला होता की उद्यापासून पाईप बंद. तेव्हाच खोकला सुरू झाला होता. म्हटलं, आजचा कार्यक्रम झाला की शेवटचा ओढू आणि कालव्यात टाकून देऊ. तू तो खिशातून काढून उंच धरलास. चारशे लेकरं हसली. मी घरी आलो, दार लावलं आणि ओढला. दुसऱ्या दिवशीही ओढला. विजयला दाखवतो, म्हटलं. पुढची तेरा वर्षं मी तुला दाखवायला ओढत होतो, आणि तू तर बघायलाही नव्हतास.

हे डॉक्टरला सांगितलं नाही. लक्ष्मीलाही आजच कळतं आहे, कारण ती बाजूला बसून वाचते आहे. माझा डावा हात तिनं धरून ठेवला आहे, त्यामुळे कागद सरकतो आणि अक्षर वाकडं येतं.

पाईप पोस्टानं पाठवू नको. घेऊन ये. डोंगरकड्याहून सकाळच्या गाडीनं कळमनुरी, तिथून हिंगोली, हिंगोलीहून वाशीमच्या गाड्या भरपूर आहेत. बिनमिशीचा म्हातारा मला चालेल. सवय करून घेईन. तो डाग राहू दे. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो दाखवणार आहे आणि पाटीवर लिहून सांगणार आहे की हा तंबाखूमुक्तीच्या मुख्याध्यापकाचा.

खाली लक्ष्मीला काही लिहायचं आहे. मी बघायचं नाही, असं तिचं म्हणणं आहे.

उत्तम

भाऊजी, पांढरा झाला असंल तर येऊ द्या घरात. वास आला तर म्या बाहेर फेकीन, मंग बोलू नका. तमाखूचा उरला पुडा भिकाबाईला देऊन टाका. मालनबाईला संगं आणा, दोन दिवस राहायच्या बेतानं या. ह्यायचं हासणं ऐकू येत न्हाई, समोर बसून पाहा लागते. म्हणून या.

लक्ष्मीबाई